१९६९ मस्टँग: पितळी ठोकळा खोलला, आता ब्रेकचा दिवा विझत नाही आणि मागची चाकं जाम होतात

पावसाळी_व्ही८ (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. गाडी माझी नाही, मामांची आहे, १९६९ ची मस्टँग, ३०२ इंजिन, डाव्या हाताचं स्टेअरिंग. मामा बोटीवर होते तेव्हा मुंबईत कुठल्यातरी परदेशी साहेबाकडून घेतलेली. आता गुडघे गेले म्हणून माझ्याकडे गावी आणून ठेवलीय, आंब्याच्या पेट्या ठेवतो त्या शेडमध्ये. दोन पावसाळे नुसती उभी होती. पुढे डिस्क आहेत, मागे ड्रम, कंपनीचेच.

तर झालं असं की मार्चमध्ये कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरलो, साखरप्याच्या अलीकडे टँकरने पाणी सांडलेलं होतं, तिथे जरा जोरात ब्रेक मारला आणि मागची चाकं आधी जाम झाली, गाडीचा ढुंगणाकडचा भाग सरळ दरीच्या बाजूला निघाला. सांगतो तुम्हाला, हातपाय गार. बायको बाजूला बसलेली, ती दोन दिवस बोलली नाही.

घरी आलो तर डॅशवरचा ब्रेकचा लाल दिवा चालू. इथल्या मेकॅनिकला दाखवलं. माणूस चांगला आहे, टेम्पो जीप सगळं करतो, पण ही गाडी पहिल्यांदाच बघत होता. मास्टर सिलिंडरच्या खाली चेसिसला लागून एक पितळी ठोकळा आहे, त्यात सगळे पाइप येतात, मधोमध दिव्याचा स्विच, आणि त्याच्या खाली अजून एक छोटा व्हॉल्व्ह मागच्या लाइनला. त्याने वरचा ठोकळा खोलला, आत दांडी निघाली आणि दोन ओ-रिंग, ओ-रिंग कडक झालेल्या. पेट्रोलने धुतलं, जेट्टीवर ट्रॉलरचं सामान मिळतं त्या दुकानातून मापाच्या ओ-रिंग आणल्या, वीस रुपयाला दोन, बसवल्या, हवा काढली. पंधरा दिवस दिवा बंद होता. मग परत चालू, आणि आता काही केल्या विझत नाही. शिवाय मागच्या चाकाच्या हवा काढायच्या निपलमधून तेल एकदम बारीक येतं, पुढच्यातून धार येते.

आता तो म्हणतो हे दोन्ही काढून टाकू, साधा टी (तीन तोंडांचा पाइपचा जोड) जोडू, मारुतीला कुठे असतं असलं काय. मामा म्हणतात ओरिजिनल काढलंस तर गाडी परत घेऊन जाईन. एक मित्र म्हणतो बाहेरून ॲडजस्ट होणारा नवीन व्हॉल्व्ह मागव. मी मधल्यामधे. काय करू?

हापूस_टर्बो (देवगड)

फोटो टाका की राव!! ब्रेकचे नको, गाडीचे 😀

उद्यमनगरी_लेथ (कोल्हापूर)

टी जोडू नका. आणि मारुतीला नसतं हे त्यांना कोणी सांगितलं, ८०० ला पण मागच्या लाइनमध्ये प्रेशर आवरणारा पी व्हॉल्व्ह असतो, जिप्सीला तर मागच्या ॲक्सलला दांडी जोडलेला, वजन वाढलं की मागे जास्त प्रेशर सोडणारा असतो. दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं.

ठोकळ्याच्या भोकात बोट घालून बघा, नख अडकेल असे खड्डे आहेत का. पितळ असल्यामुळे गंज नाही पण हिरवा थर धरतो. किती लोक मी बघितलेत, एमरी पेपर काडीला गुंडाळतात आणि फिरवत बसतात, भोक वाटोळं राहत नाही मग कितीही चांगली ओ-रिंग घाला, ती गळणारच. अगदीच हलका डाग असेल तर ब्रेक ऑइल लावून नायलॉनच्या ब्रशने काढा. खड्डा असेल तर इकडे आणा, शिवाजी उद्यमनगरात भोक वाढवून आत स्लीव्ह बसवून देणारे आहेत, पण एवढ्या छोट्या भोकाला तो खर्च परवडतो का ते बघा, बाहेर हा ठोकळा नवा बनवलेला मिळतो.

आटे मात्र इंचाचे आहेत हे ध्यानात ठेवा. दीड सुती पाइप (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), त्याला तीन सुती नट, इंचाला २४ आटे. मारुतीचा एमएम नट दोन वळसे जातो आणि वाटतं बसला, तिसऱ्याला पितळेचे आटे सोलून निघतात.

मालवणी_पाना (कट्टा)

पेट्रोलान धुतल्यान मां? मगे झाला तर. आमच्या आजोबांची अँबॅसडर होती, तिचो मास्टर सिलिंडर असोच एकान घासलेटात बुडवून साफ केल्यान. रबरां कोंबडीवड्यातल्या वड्यासारखी टम्म फुगली आणि गाडी भर बाजारात ब्रेक धरून रवली, चाकां फिरूचीच नाय. ढकलूक इलेले लोक हसान हसान लोळले, आजोबा मात्र गाडयेतसून उतरूक तयार नाय.

शारजाहून_परत (दापोली)

गाववाले, मी बावीस वर्षं शारजात अमेरिकन गाड्यांच्या गॅरेजमध्ये काढली, मस्टँग कमारो शेव्हेल हेच रोजचं काम, आता परत येऊन सुपारीला पाणी घालतो. तुमच्या पोस्टमध्ये एक नाही तीन वेगळी दुखणी आहेत आणि मेकॅनिकने तिन्हीला एकच औषध दिलंय.

पहिला दिवा. १९६७ पासून अमेरिकन गाड्यांना पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं येऊ लागलं, म्हणजे एक फुटलं तरी दुसरं चालतं. तो वरचा पितळी ठोकळा फक्त पहारेकरी आहे. आतली दांडी एका बाजूने पुढच्या प्रेशरने ढकलली जाते, दुसऱ्या बाजूने मागच्या. दोन्ही सारखी असतील तर ती मधोमध, तिच्या मध्यभागी खाच, त्या खाचेत स्विचची पिन. एका बाजूचं प्रेशर गेलं की दांडी तिकडे सरकते, पिन खाचेतून वर चढते, अर्थिंग मिळतं आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा लागला याचा अर्थ ठोकळा खराब असा होत नाही, कधीतरी एका बाजूला गळती झाली असा होतो. आणि हवा काढताना एकच बाजू उघडी ठेवून पेडल दाबलं तरी ती सरकतेच. ती आपोआप मधे येत नाही, तुम्हाला आणावी लागते. स्विच आधी काढला होता का ते विचारा त्याला. पिन आत असताना दांडी ओढली तर पिन मोडते.

दुसरं ओ-रिंग, आणि खरा घोळ इथे आहे. ट्रॉलरच्या दुकानात मिळते ती नायट्रिल रबराची, ती हायड्रॉलिक ऑइलला, डिझेलला एक नंबर. पण ब्रेक ऑइल हे ऑइलच नाही, नाव आहे फक्त, डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकॉलवर बनतात, त्यात नायट्रिल फुगतं. ब्रेकला लागतं ईपीडीएम नावाचं रबर. आणि त्याचं बरोबर उलटं, ईपीडीएमला पेट्रोल, घासलेट, ग्रीस लागलं की ते फुगतं, मालवणी भाऊंच्या आजोबांचं तेच झालं. दिसायला दोन्ही काळी, दोन्ही मऊ, हातात घेऊन मी पण ओळखू शकत नाही. तुमच्या नवीन रिंगा फुगून दांडी भोकात जाम झाली असणार, म्हणून पंधरा दिवस ठीक आणि मग नाही. खात्री करायची तर तसलीच एक नवी रिंग व्हर्निअरने मोजा, झाकणाच्या बरणीत ब्रेक ऑइलमध्ये तीन दिवस ठेवा, परत मोजा. धुवायला फक्त ताजं ब्रेक ऑइल नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल.

तिसरं मागची चाकं. खालचा छोटा तो प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं, त्यात ती मस्टँग, एवढं जड व्ही८ नाकावर. म्हणून एका ठरावीक प्रेशरपर्यंत हा व्हॉल्व्ह मागे सगळं जाऊ देतो आणि त्यापुढे मागचं प्रेशर पुढच्यापेक्षा हळू वाढवतो. आत छोटा पिस्टन, स्प्रिंग आणि सील. पाणी लागून पिस्टन उघडाच अडकला की सगळं प्रेशर मागे, आणि मग तुम्ही दरी बघता.

पण थांबा, लगेच व्हॉल्व्हवर खापर फोडू नका. आधी मागचे ड्रम काढा. चाकातला व्हील सिलिंडर पाझरत असेल तर लायनर (ड्रमला घासणारा पट्टा) तेलाने भिजतो, आणि थोडा भिजलेला लायनर घसरत नाही, उलट पकडतो. तुमचा दिवा पहिल्यांदा घाटानंतर लागला, म्हणजे मागे गळती असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आणि निपलमधून बारीक धार येते त्याला ठोकळा नाही तर मागचा रबरी होज बघा, ह्या गाडीला मागे एकच असतो, बॉडीतून ॲक्सलवरच्या टीला येणारा. बाहेरून ठणठणीत दिसतो, आतून फुगून बंद होतो. चाक उचला, पेडल दाबून सोडा, चाक हाताने जड फिरतं का बघा. जड असेल तर निपल ढिला करा, चुर्र करून तेल उडालं आणि चाक मोकळं झालं तर प्रेशर मागे अडकतंय. मग पेडल परत दाबून सोडा आणि होजच्या अलीकडचा, बॉडीकडचा नट ढिला करा. त्याने चाक मोकळं झालं नाही तर होजच गुन्हेगार.

ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह वाईट नाही, मी डझनांनी लावलेत, पण तो ओरिजिनल प्रपोर्शनिंगच्या जागी लावायचा, त्याच्या पुढेमागे नाही, आणि पुढच्या लाइनला तर कधीच नाही. मामांची गाडी आहे, ओरिजिनल ठेवा.

घाटवळण (चिपळूण)

शारजावाले काका म्हणतात ते ठीक आहे पण आपल्याकडच्या दमट हवेत डॉट ३, डॉट ४ टिकतच नाही, पाणी ओढतं. सरळ डॉट ५ सिलिकॉन घाला, पाणी शोषत नाही, रंगाचंही नुकसान नाही, विषय संपला.

शारजाहून_परत (दापोली)

घाटवळण भाऊ विषय संपत नाही, तिथून सुरू होतो. सिलिकॉन पाणी शोषत नाही म्हणजे पाणी येत नाही असं नाही, आलेलं पाणी थेंब होऊन सगळ्यात खाली जाऊन बसतं, कॅलिपरमध्ये, व्हील सिलिंडरमध्ये, आणि तिथेच गंज. शिवाय कॅलिपर तापला की तो थेंब १०० डिग्रीला उकळतो. ग्लायकॉलमध्ये पाणी विरघळतं तरी. ताजं डॉट ४ कमीत कमी २३० डिग्रीला उकळतं, पाणी पिऊन जुनं झालं तरी १५५, डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४०. आणि डॉट ५ मध्ये जुनं थोडं जरी राहिलं तरी दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. सगळे पाइप, सगळी रबरं नवी असतील तर संग्रहातल्या गाडीला लोक घालतात, भांडण नाही माझं. पण ज्या गाडीचा अजून होजसुद्धा बदललेला नाही तिला नको. डॉट ४ घाला आणि दर वर्षी पावसाळा संपला की नवरात्रात बदला, शस्त्रांची पूजा करता तसं.

अजून एक, सगळ्यांनाच सांगतो. पाइप बदलायची वेळ आली तर फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाइप लावू नका. वाकवायला सोपा म्हणून लावतात. शुद्ध तांबं हादऱ्याने कडक होतं आणि नटाच्या मागे तडकतं. स्टीलचा घ्या नाहीतर तांबं-निकेलचा, खाऱ्या हवेला तो बरा. आणि तोंड दोनदा दुमडून फुलवायचं, एका पदराचं नको.

घाटवळण (चिपळूण)

बरं काका, मान्य. माझ्या जीपमध्ये सिलिकॉन चार वर्षं आहे पण, काही झालं नाही. 🙏

मालवणी_पाना (कट्टा)

जीपीक ब्रेक लागतत खय, ती आपणच थांबता

पावसाळी_व्ही८ (रत्नागिरी)

मंडळी, उशीर झाला लिहायला, मध्ये आंबा होता, पेट्या भरण्यात महिना गेला, पण सगळं करून झालंय म्हणून सविस्तर सांगतो.

आधी बरणीचा प्रयोग. आईची लोणच्याची छोटी बरणी पळवली (ती अजून शोधतेय, सांगितलं नाही). जेट्टीवरच्या दुकानातून तीच ओ-रिंग परत आणली, जाडी मोजली २.६ मिलिमीटर. त्याच बरणीत जुन्या मास्टर सिलिंडर किटमधल्या रबरी कपाचा एक तुकडा पण टाकला. तीन दिवसांनी रिंग २.९, आणि हाताला अशी गिळगिळीत, दाबली की नखाचा वण राहतो. कपाचा तुकडा होता तसाच. मेकॅनिकला बरणीसकट नेऊन दाखवलं. तो पाच मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला, म्हणजे त्या टेम्पोच्या क्लचचं पण हेच झालं असणार. त्याला राग आला नाही हे मला फार आवडलं.

मग ड्रम काढले. काका, तुमच्या तोंडात साखर. डावा मागचा व्हील सिलिंडर पाझरत होता, रबरी टोपी वर केली तर आतून तपकिरी पाणी आलं, आणि खालच्या बाजूचा लायनर अर्धा भिजून काळा कुळकुळीत. उजवा कोरडा. म्हणजे घाटात बहुतेक डावं चाक आधी धरलं असणार, गाडी ज्या बाजूला गेली ते आता जुळतंय. होजची टेस्ट पण तुम्ही सांगितली तशी केली, निपल सोडल्यावर चाक मोकळं, परत दाबून बॉडीकडचा नट सोडला तर चाक तसंच जड. होज कापून बघितला, आतलं भोक म्हणजे अगरबत्तीची काडी जाईल एवढं.

ठोकळा परत खोलला. दांडी अशी अडकली होती की स्विच काढून दुसऱ्या तोंडातून थोडी हवा मारून काढावी लागली, समोर फडकं धरलं होतं म्हणून बरं, गोळीसारखी सुटली. भोकाला एक फिकट हिरवा पट्टा होता, उद्यमनगरी दादांनी सांगितलं तसं नायलॉन ब्रशने गेला, नख अडकलं नाही. खालचा प्रपोर्शनिंग मात्र संपलेला, आत स्प्रिंगच्या जागी गंजाचा भुगा आणि पिस्टन एका बाजूला तिरका बसलेला. तो बाहेरून नवा मागवला, आतेभाऊ तिकडून येताना घेऊन आला, दोन्ही मागचे व्हील सिलिंडर, लायनर आणि होज पण त्याच्याच बॅगेत. विमानतळावर त्याला विचारलं म्हणे हे काय, तर हा म्हणाला मामाचे ब्रेक.

हवा काढली, उजवा मागचा, डावा मागचा, मग पुढचे. शेवटी दिवा चालू होताच, मग दांडी मधे आणण्याचं काम. ते दोघांचं आहे. मी चावी चालू करून पेडलवर, मेकॅनिक खाली निपलवर. आधी पुढचा निपल ढिला केला, हळू दाबलं, काही नाही. मग मागचा ढिला केला आणि पेडल अगदी अंड्यावर पाय ठेवल्यासारखं दाबत गेलो, एक टक्क असा बारीक आवाज पायाला जाणवला आणि दिवा गेला. तिथेच थांब म्हणून मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारचे धावत आले. पहिल्या वेळेला मी दाबतच राहिलो होतो, दांडी पलीकडे जाऊन परत दिवा लागला होता, ते सांगायचं राहिलं.

चाचणी घेतली गावाबाहेरच्या कातळावर, पहिल्या सरीनंतर, ओल्या जांभ्यावर, माणूस ना गुरं. ताशी ४० ला जोरात ब्रेक, मेकॅनिक बाहेर उभा राहून चाकं बघत होता. पुढची आधी धरली, मागची फिरत होती, गाडी सरळ. तीनदा केलं. चौथ्यांदा त्याला स्वतःला चालवायची होती, तर डाव्या हाताच्या स्टेअरिंगने तो सरळ करवंदीच्या जाळीत, ब्रेकचा दोष नाही त्यात.

उद्यमनगरी_लेथ (कोल्हापूर)

एक नंबर. ईपीडीएम ओ-रिंग शेवटी कुठे मिळाली ते लिहा, दुसऱ्यांना उपयोगी पडेल.

पावसाळी_व्ही८ (रत्नागिरी)

तुमच्याच गावात दादा. नुसतं ब्रेकची ओ-रिंग म्हटलं तर दुकानदाराने परत नायट्रिलच काढली होती. ईपीडीएम म्हणून मागितली, पाकिटावर लिहिलेलं वाचलं, आणि चार जास्त घेतल्या. त्यातल्या दोन आता बरणीत आहेत, आज पंधरावा दिवस, माप तेच.